'सेंड' दाबल्यानंतरची जबाबदारी कुणाची?

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ डिसेंबर २०२५ रोजी ब्रह्मोस प्रकरणात निकाल दिला आणि चर्चा झाली ती आरोपी मुख्य आरोपांतून सुटल्याची. क्षेपणास्त्रे बनवणाऱ्या ब्रह्मोस एअरोस्पेसच्या नागपूर केंद्रात काम करणाऱ्या या तरुण अभियंत्याला पाकिस्तानसाठी हेरगिरी केल्याच्या आरोपावरून ऑक्टोबर २०१८ मध्ये उत्तर प्रदेश आणि महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकांनी अटक केली होती. जून २०२४ मध्ये नागपूरच्या सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली. उच्च न्यायालयाने ती रद्द केली. शत्रूला जाणूनबुजून माहिती पुरवल्याचे सिद्ध होत नाही, असा त्याचा मथितार्थ. मात्र एक दोष न्यायालयाने पुसला नाही. १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्यात गोपनीय कागदाची वाजवी काळजी न घेणे हाही गुन्हा आहे. तेवढ्यापुरती तीन वर्षांची शिक्षा कायम राहिली आणि ती तर भोगून झालेलीच होती.

खटल्यात समोर आलेली हकिगत अशी. नोकरी-धंद्याच्या ओळखी जुळवणाऱ्या लिंक्डइनवर 'सेजल' नावाच्या बनावट खात्यावरून या अभियंत्याशी संपर्क झाला. परदेशातल्या चांगल्या नोकरीची बोलणी सुरू झाली. त्या ओघात आलेल्या लिंकवर त्याने क्लिक केले आणि स्वतःच्या लॅपटॉपवर तीन ॲप उतरवून घेतली. ती ॲप म्हणजे माहिती चोरणारे मालवेअर होते, असे तपास यंत्रणेचे म्हणणे. ही २०१७ ची गोष्ट. त्याच लॅपटॉपवर कार्यालयाच्या गोपनीय फाइली होत्या.

हेर, बनावट तरुणी आणि पाकिस्तान असा मसाला असला की वाचकाचे लक्ष तिकडेच लागते, त्यात नवल नाही. पण खंडपीठाने शिल्लक ठेवलेला दोष या मसाल्याचा नाही. तो ऑफिसची फाइल घरच्या लॅपटॉपवर असण्याचा आहे. हाच निकष हातात घेऊन कुणी नागपुरातली कार्यालये तपासायला निघाले, तर सिव्हिल लाइन्सपासून मिहानपर्यंत फार थोडी टेबले निर्दोष सुटतील. क्षेपणास्त्राची फाइल आणि पगारपत्रक एका मापाने तोलता येत नाही, हे खरे. दोन्ही बाहेर पडतात त्या वाटा मात्र त्याच असतात, आणि त्यातली सर्वांत वापरातली वाट म्हणजे रोजचा ई-मेल. रविवारी घरी बसून काम उरकावे म्हणून स्वतःच्या जीमेलवर फाइल पाठवणारा माणूस कामचुकार नसतो. बहुतेकदा तो त्या शाखेतला सर्वांत कामसू असतो.

नागपूर हे तसे जपण्यासारखे पुष्कळ काही असलेले शहर आहे. वायुसेनानगरला हवाई दलाच्या देखभाल कमांडचे मुख्यालय, अंबाझरीला आयुध निर्माणी, शहरात वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉइलची मुख्यालये, नीरी, उच्च न्यायालयाचे खंडपीठ, मेडिकल, मेयो आणि एम्स. शिवाय मिहान आणि परसोडीच्या आयटी पार्कमध्ये परदेशी ग्राहकांची कामे करणाऱ्या कंपन्या. जानेवारी २०२३ मध्ये नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीज या स्फोटके आणि दारूगोळा बनवणाऱ्या कंपनीचा २ टेराबाइट डेटा चोरल्याचा दावा 'ब्लॅककॅट' या खंडणीखोर टोळीने केला, तेव्हा या शहराचे नाव चोरीच्या डेटाच्या काळ्या बाजारात जगभर गेले. असे काही घडले की पोलिसांत तक्रार होते, बातमी येते. आपल्याच माणसाने, आपल्याच हाताने, चांगल्या हेतूने चुकीच्या पत्त्यावर धाडलेल्या फाइलीची मात्र कुठे नोंदसुद्धा नसते.

तशी एक फाइल थेट पंतप्रधानांच्या पासपोर्टची होती. नोव्हेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे जी-२० परिषद भरणार होती. तिथल्या इमिग्रेशन खात्यातल्या एका अधिकाऱ्याने ३१ जागतिक नेत्यांची नावे, जन्मतारखा, पासपोर्ट क्रमांक आणि व्हिसाचा तपशील असलेला मेल तयार केला. पत्त्याची पहिली अक्षरे टाइप होताच आउटलुकने उरलेला पत्ता आपणहून भरला, आणि अधिकाऱ्याने न पाहता 'सेंड' दाबले. मेल पोचला आशियाई फुटबॉल स्पर्धेच्या संयोजकांकडे. यादीत ओबामा होते, पुतिन होते, नरेंद्र मोदीही होते. चूक लगेच लक्षात आली, तिकडून मेल पुसल्याची खातरजमाही झाली. पण ज्यांची माहिती गेली त्या नेत्यांना कळवण्याची गरज नाही, असे खात्याने ठरवले. पुढच्या वर्षी मार्चमध्ये 'द गार्डियन'ने बातमी छापली तेव्हा जगाला कळले. आपल्या देशाच्या पंतप्रधानांची ही गत, तर नंदनवनमधल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या पेन्शनच्या फाइलीबद्दल त्याला कोण कळवणार?

ब्रिटनचे उदाहरण याहून भीषण आहे, कारण तिथे माणसांच्या जिवाचा प्रश्न होता. सप्टेंबर २०२१ मध्ये, काबूल तालिबानच्या हाती पडल्यानंतर महिनाभरात, ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाने अफगाणिस्तानात अडकलेल्या २४५ जणांना एकच मेल पाठवला. सगळे पत्ते 'बीसीसी'ऐवजी 'टू'च्या रकान्यात होते. प्रत्येकाला उरलेल्या सगळ्यांचे पत्ते दिसले, काहींचे फोटोही. त्यात दोघांनी 'रिप्लाय ऑल' केले आणि एकाने त्या उत्तरात आपला ठावठिकाणाही लिहून टाकला. त्याबद्दल मंत्रालयाला पुढे साडेतीन लाख पौंडांचा दंड झाला. त्या चुकीने शहाणपण यावे, तर फेब्रुवारी २०२२ मध्येच एका सैनिकाने सुमारे दीडशे ओळींची म्हणून एक एक्सेल फाइल बाहेर पाठवली. पडद्यावर न दिसणाऱ्या ओळी धरून तिच्यात प्रत्यक्षात ३३ हजार ओळी होत्या, आणि ब्रिटनमध्ये आश्रय मागणाऱ्या जवळपास १९ हजार अफगाणांची माहिती. हे उघडकीला आले ऑगस्ट २०२३ मध्ये, तेही तिच्यातला मजकूर फेसबुकच्या एका गटात झळकल्यावर. सरकारने न्यायालयाकडून बातमीवर बंदी आणली, गुप्तपणे हजारो लोकांना अफगाणिस्तानबाहेर काढले, आणि जुलै २०२५ मध्ये बंदी उठली तेव्हा खर्चाचा हिशेब शेकडो दशलक्ष पौंडांत गेलेला होता.

लपलेल्या ओळींची ही गोष्ट एक्सेल वापरणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी नीट समजून घ्यावी. रकाना 'हाइड' केला म्हणजे माहिती गेली, असा फार मोठा गैरसमज आहे. गाळणी लावून फक्त नागपूर ग्रामीणची नावे दाखवली, तरी फाइलीत सगळा जिल्हा असतोच. पलीकडच्याने गाळणी काढली की तो पूर्ण दिसतो. उत्तर आयर्लंडच्या पोलीस खात्याने ऑगस्ट २०२३ मध्ये माहिती अधिकाराच्या एका अर्जाला उत्तर देताना अशीच एक लपलेली शीट सोडली आणि ९,४८३ पोलीस व कर्मचाऱ्यांची माहिती संकेतस्थळावर गेली. दहशतवादाचा इतिहास असलेल्या प्रदेशात पोलिसाचे नाव आणि नेमणुकीची जागा उघड होणे म्हणजे काय, हे गडचिरोलीत नोकरी केलेल्या माणसाला समजावून सांगावे लागणार नाही. आपल्याकडे माहिती अधिकाराची उत्तरे अजून बहुतांशी कागदावर दिली जातात, म्हणून हा घोटाळा टळलेला आहे, एवढेच.

पत्त्यातल्या एका अक्षराचेही मोल मोठे असते. अमेरिकी लष्कराचे पत्ते 'डॉट एमआयएल'ने संपतात. त्यातला 'आय' गळला की पत्ता 'डॉट एमएल' होतो, आणि तो पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाचा. वर्षानुवर्षे लाखो मेल तिकडे वळत राहिले. माली देशाचा डोमेन सांभाळणाऱ्या डच तंत्रज्ञाने २०२३ मध्ये अवघ्या काही महिन्यांत असे १ लाख १७ हजार मेल जमा करून अमेरिकेला इशारा दिला. आपल्याकडे २०१५ मध्ये ओएनजीसीला हाच अक्षरांचा खेळ महागात पडला. कंपनीच्या खऱ्या पत्त्यातल्या 'एन' आणि 'जी' या दोन अक्षरांची अदलाबदल करून भामट्यांनी सौदी अराम्कोला मेल केला, पैसे भरण्यासाठी नवे खाते कळवले, आणि १९७ कोटी रुपये भलत्याच खात्यात गेले. असा मेल बेतायला आधी कुठे तरी खऱ्या व्यवहाराचा पत्ता लागलेला असावा लागतो. पैशाच्या चोरीच्या पोटात अनेकदा माहितीची जुनी गळती असते.

आता आपल्या कार्यालयांकडे वळू. सकाळी अकराला वरून फर्मान येते: अमुक प्रपत्रात, तमुक योजनेच्या लाभार्थ्यांची माहिती, आधार क्रमांक आणि बँक खात्यासह, आज दुपारी दोनपर्यंत. तालुक्याचा बाबू शाळांना, ग्रामपंचायतींना, आरोग्य केंद्रांना व्हॉट्सॲप करतो. 'भाऊ, जीमेलवर टाक ना, सरकारी मेल उघडत नाही' असे उत्तर येते, आणि ते अनेकदा खरेही असते. पन्नास ठिकाणांहून पन्नास एक्सेल येतात. त्या एकत्र करून सीसीमध्ये अर्धे खाते ठेवून वर जातात. कामाची वेळ पाळली जाते. त्या पन्नास फाइली पन्नास खासगी मेलपेट्यांत, पाठवलेल्या मेलच्या यादीत, कुणाच्या फोनच्या डाउनलोडमध्ये कायमच्या राहतात. त्यातला एखादा कर्मचारी बदलून गेला, एखाद्याचा पासवर्ड त्याच्या मुलाच्या नावाचा निघाला, एखाद्याचा जुना फोन सीताबर्डीत विकला गेला, की पुढची गोष्ट कुणाच्याच हातात नाही.

कागदाच्या जमान्यात जिल्हाधिकारी कार्यालयात बारनिशी नावाची शाखा असे; ती आजही आहे. आलेले आणि गेलेले प्रत्येक पत्र तिथे नोंदले जाते, क्रमांक पडतो, कुणाकडे गेले ते कळते. कामाला त्यामुळे विलंब होई आणि त्याला लोक शिव्याही देत. पण कोणता कागद कुणाकडे आहे, या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर होते. ई-मेल आला तेव्हा सरकारी कार्यालयांनी वेग तेवढा उचलला आणि ही नोंद मात्र मागे ठेवली. मंत्रालयापासून ई-ऑफिसचा गजर चालू आहे, फाइली पडद्यावर फिरू लागल्या आहेत. पण तातडीची माहिती म्हटली की सगळे पुन्हा जीमेलवरच येतात.

खासगी क्षेत्राने फार फुशारकी मारू नये. रामदासपेठेतल्या प्रयोगशाळांचे अहवाल मेलवर येतात, धरमपेठेतल्या सीएंच्या कार्यालयांत अख्ख्या कुटुंबाचे पॅन, आधार आणि बँकेची विवरणे एका मेलच्या पोटात असतात. पीडीएफला कुलूप घातले जाते खरे, पण त्याची किल्ली म्हणजे जन्मतारीख किंवा पॅन, आणि तीही अनेकदा त्याच मेलमध्ये खाली लिहिलेली. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात तर फलकावरच जीमेलचा पत्ता रंगवलेला असतो. गिऱ्हाईक आधार कार्ड, सात-बारा, मुलीची गुणपत्रिका मेल करते, प्रिंट घेते, पाच रुपये देते आणि निघून जाते. मेल दुकानातच राहतो. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने आधारच्या प्रती वाटेल तिथे देऊ नका, फक्त शेवटचे चार अंक दिसणारे मास्क केलेले आधार वापरा, असा सावधगिरीचा इशारा काढला होता. गैरसमज होतील म्हणून तो दोन दिवसांत मागे घेतला गेला. इशारा मागे गेला, मास्क केलेल्या आधारची सोय आजही आहे. आणि ते चालेल का, असे विचारले तर बहुतेक काउंटरवरचा माणूस अजूनही गोंधळतो.

प्रश्न जबाबदारीचा आहे, आणि तिथे कायद्याने मोठे वळण घेतले आहे. १९२३ च्या कायद्यात काळजी घेण्याचे ओझे माणसावर होते. फाइल ज्याच्याकडे सापडली, तो दोषी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा बरोबर शंभर वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये आला, आणि त्याने तेच ओझे संस्थेच्या खांद्यावर ठेवले. लोकांची माहिती बाळगणाऱ्या संस्थेने वाजवी सुरक्षा ठेवली नाही, तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. गळती झाल्यावर ती कळवली नाही, तर २०० कोटींपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदी अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. ज्याची माहिती गेली त्याला विनाविलंब कळवायचे आणि डेटा संरक्षण मंडळाला ७२ तासांत सविस्तर अहवाल द्यायचा. सायबर घटना सहा तासांत कळवण्याचा सर्ट-इन या केंद्रीय सायबर सुरक्षा यंत्रणेचा आदेश तर एप्रिल २०२२ चाच आहे.

हे वळण योग्यच आहे. ब्रह्मोसच्या निकालातही मूळ प्रश्न तोच उरतो: एका माणसाने काळजी घेतली नाही हे ठरले, पण अशा संस्थेतली फाइल खासगी लॅपटॉपवर उतरूच कशी शकते, हे विचारण्याची सोय जुन्या कायद्याच्या त्या कलमात नव्हती. जिथे पेन ड्राइव्ह चालतो, जिथे बाहेरच्या पत्त्यावर काहीही जोडून पाठवता येते, तिथे दर वेळी सावध राहण्याची अपेक्षा माणसाकडून करणे म्हणजे तो कधी तरी चुकणार, हे गृहीतच धरणे.

नव्या कायद्याची एक बाजू मात्र खटकते. २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांनी, न्यायनिर्णय अधिकारी या नात्याने, पुण्याच्या एका प्रकरणात पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख रुपये भरपाई द्यायला लावली होती. पूना ऑटो ॲन्सिलरीज या कंपनीच्या खात्यातून ८० लाखांवर रक्कम गेली होती. फसव्या मेलला उत्तर देण्याची चूक ग्राहकाकडूनच झाली होती, म्हणून सगळी रक्कम मिळाली नाही. पण बँकेच्या ढिलाईचे माप तिच्या पदरात पडले आणि पैसे नुकसान झालेल्याच्या हाती गेले. संवेदनशील माहिती निष्काळजीपणे हाताळणाऱ्या कंपनीकडून भरपाई मागण्याचा हक्क माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ मध्ये होता. नवा कायदा हे कलमच काढून टाकतो. यापुढचा २५० कोटींचा दंड जाईल भारताच्या संचित निधीत. ज्याचा पॅन, ज्याचा आजार, ज्याचे खाते बाहेर गेले, त्याच्या वाट्याला येईल कळवल्याचा एक मेल. शिवाय सरकारला आपल्याच काही संस्थांना या कायद्यातून वगळण्याचा अधिकार आहे. माहितीचा सर्वांत मोठा साठा ज्याच्याकडे, त्यालाच मागच्या दाराने सुटका, हे पचायला जड जाते.

उपाय गूढ नाहीत. जीमेलमध्ये पाठवलेला मेल ३० सेकंदांपर्यंत परत घेता येतो. आधीपासून ठेवलेली मुदत पाचच सेकंदांची असते, ती बदलायला एक मिनिट लागते आणि कुणी बदलत नाही. आउटलुकमधला 'रिकॉल' आपल्याच संस्थेच्या आत चालतो, मेल बाहेर गेला की तो निरुपयोगी. म्हणून बाहेरच्या पत्त्यावर जाणारा मेल एक-दोन मिनिटे रोखून धरण्याचा नियम व्यवस्थापकाने सगळ्यांसाठी एकदाच लावावा. जोडलेली फाइल दहा जणांकडे गेली की तिच्या दहा प्रती होतात. त्याऐवजी फाइल एकाच जागी ठेवून तिचा दुवा पाठवला, तर चूक कळताच परवानगी काढून घेता येते. कार्यालयाचा मेल आपोआप खासगी पत्त्यावर वळवण्याची सोय तर बंदच हवी.

यंत्राला ओळखता येण्यासारखेही पुष्कळ आहे. पॅनचा साचा ठरलेला आहे: पाच अक्षरे, चार अंक, एक अक्षर, आणि व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथे अक्षर 'पी'. आधारचा बारावा अंक आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे वाटेल ती बारा अंकी संख्या आणि खरा असू शकणारा आधार क्रमांक यांतला फरक संगणकाला क्षणात कळतो. बाहेर जाणाऱ्या मेलमध्ये असे पन्नास क्रमांक दिसले, तर तो थांबवून 'हे नक्की पाठवायचे आहे का, आणि यांनाच?' असे विचारणारी सोय मायक्रोसॉफ्ट आणि गुगलच्या कार्यालयीन सेवांमध्ये मिळते, भारतीय पॅन-आधार ओळखण्यासकट. तिचे पैसे पडतात. मिहानमधल्या मोठ्या कंपन्यांना तिचे अप्रूप नाही, कारण परदेशी ग्राहक करारातच ती मागतो. नागपूरच्या सहकारी बँका, पतसंस्था, रुग्णालये आणि शिक्षण संस्था यांच्याकडे लाखो लोकांची माहिती आहे, आणि तिथे मात्र ही चर्चा 'आयटीवाल्या पोराला सांगा' इथेच संपते.

सरकारी मेलची कथा वेगळी. केंद्राचे ई-मेल धोरण फेब्रुवारी २०१५ मध्येच आले आणि सरकारी कामासाठी सरकारीच मेल वापरा, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचा मेल आता झोहो या भारतीय कंपनीच्या व्यवस्थेवर गेला आहे. स्वदेशीचा आनंद ठीक. पण शाळेच्या मुख्याध्यापकाला, ग्रामसेवकाला, आरोग्य सेविकेला नावाचा सरकारी पत्ता, चालणारा पासवर्ड आणि फोनवर नीट उघडणारी मेलपेटी मिळत नाही, तोवर धोरण नागपूरच्या रिंग रोडच्या आतच राहणार. जो खात्याच्या कामासाठी स्वतःचा फोन आणि स्वतःचा डेटा पॅक वापरतो, त्याला खासगी मेल वापरल्याबद्दल ज्ञापन देणे हा शुद्ध कांगावा आहे.

या सगळ्याला एक आक्षेप रास्त आहे. मेल तपासणारे यंत्र बसवले की ते साहेबाच्या हाती कर्मचाऱ्यावर नजर ठेवण्याचे साधन होते. कोण युनियनला काय लिहितो, कोण दुसरीकडे नोकरी शोधतो, हेही त्याच चाळणीत सापडू शकते. म्हणून चाळणी क्रमांकांची असावी, मजकुराची नव्हे. थांबवलेल्या मेलचा इशारा आधी पाठवणाऱ्यालाच जावा, साहेबाला नव्हे. आणि काय तपासले जाते हे लेखी सांगितलेले असावे. एवढे केले तर कर्मचारी त्या यंत्राला शत्रू मानणार नाहीत.

सगळ्यात अवघड बदल मात्र फुकट होण्यासारखा आहे. ७२ तासांचे घड्याळ चालू होते ते संस्थेला गळती कळल्यावर, आणि संस्थेला ती बहुतेकदा कळते चूक करणाऱ्याच्या तोंडून. ज्या कार्यालयात चूक कबूल केली की 'कारणे दाखवा' हातात पडते, वेतनवाढ अडते आणि गोपनीय अहवालात शेरा येतो, तिथे आस्थापना शाखेतला कारकून काय करील? तो पाठवलेल्या मेलच्या यादीतून मेल पुसेल आणि गप्प बसेल. ब्रिटनची ती फाइल दीड वर्ष कुणाच्या लक्षात आली नव्हती. ऑस्ट्रेलियातली काही वेळातच आली, म्हणून निदान पुसून तरी घेता आली. विमान वाहतुकीत न घडलेल्या अपघाताची, थोडक्यात टळलेल्या प्रसंगाची खबर स्वतःहून देणाऱ्याला सहसा शिक्षा करत नाहीत, कारण तशी खबर दडली तर पुढचे विमान पडते. कार्यालयांनी हीच रीत घ्यावी: चुकीचा मेल गेल्याचे तासाभरात सांगणाऱ्यावर कारवाई नाही, दडवणाऱ्यावर मात्र नक्की. सांगायचे कुणाला, ते एक नाव आणि एक फोन नंबर प्रत्येक शाखेत ठाऊक असावा. असे कार्यालयीन परिपत्रक काढायला मे २०२७ ची किंवा मंत्रालयाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या, महापालिका आयुक्तांच्या किंवा एखाद्या बँकेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या सहीने ते या आठवड्यातही निघू शकते.